वहिनींनी न नेलेला निरोप

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईखोलीला लागून, एक अरुंद खोली आहे. तिच्यात मेण वितळवायची पेटी, काप काढायचं यंत्र, मोरी आणि भिंतीला चिकटून बरण्यांची रांग. त्या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळं इस्पितळ मेणमामा म्हणायचं. त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या नर्सेसनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं असतं. बोटांना मेण, बाहीला मेण, चष्म्याच्या काडीलाही मेण. चेष्टा करणारे म्हणायचे, मामांना उन्हात उभं करू नका, वितळतील. मामा हसायचे नाहीत. त्यांचं ऐकलंय असंही दाखवायचे नाहीत.

त्यांचं काम म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मेणाच्या त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंकडे पाठवायचे. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायच्या, रोग आहे की नाही, असला तर कोणता. म्हणजे माणूस वर वॉर्डात जीव मुठीत धरून बसलेला, आणि त्याचं भवितव्य खाली मामांच्या चिमट्यात. मोठ्या तुकड्यांतलं पाणी काढायला वेगळं यंत्र होतं. पण सुईने काढलेले दोऱ्याएवढे तुकडे मामा त्या यंत्राला देत नसत. यंत्र त्यांना फार वाळवतं, मग ते काप काढताना भुगा होतात.

आता मेणात बसवायचं म्हणजे सोपं नाही हो. शरीराचा तुकडा म्हणजे बहुतेक पाणीच, आणि मेणाचं नि पाण्याचं जन्मात जमलेलं नाही. नवीन शिकायला येणाऱ्या मुलींना मामा पहिल्या दिवशी तीन परीक्षानळ्या दाखवायचे. तिन्हींत पाणी. एकीत साधं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, ओतायचे. ते असं नाहीसं व्हायचं की रेघसुद्धा दिसायची नाही. दुसरीत ब्युटेनॉल. ते थोडं मिसळायचं आणि उरलेलं वर तरंगायचं. तिसरीत ऑक्टेनॉल. ते तेलासारखं वर जाऊन जे बसायचं, ते कितीही हलवा, शेवटी वरच.

तिन्ही अल्कोहोलच, मग असं का? मामा सांगायचे की पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. एका कणातला हायड्रोजन शेजारच्या कणातल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, त्याला हायड्रोजन बंध म्हणायचं. एकेक बंध कच्चाच, क्षणात सुटतो, क्षणात दुसऱ्याशी जुळतो, पण असे अगणित असतात, म्हणून त्या गर्दीत परक्याला शिरकाव नाही. शिरायचं तर पाण्याला धरता येईल असं काहीतरी अंगात हवं. अल्कोहोलच्या एका टोकाला पाण्यासारखीच ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, त्यामुळे पाणी त्याला आपल्यात घेतं. पण दुसऱ्या टोकाला कार्बनची शेपटी असते, आणि शेपटीला धरायला काहीच नाही. ती आखूड असली तर पाणी चालवून घेतं. लांब झाली की नुसती जागा अडवते, पाण्याचे बंध तोडते, मोबदल्यात काही देत नाही. मग पाणी तिला बाहेर काढतं. इथेनॉलची शेपटी आखूड, म्हणून ते पाण्यात हवं तेवढं मिसळतं. आणि तीच शेपटी असल्यामुळे झायलीनसारख्या तेलकट द्रवाशीही त्याचं जमतं.

तुकडा मग बरणीबरणीतून नेतात. आधी पाणी घातलेलं सौम्य अल्कोहोल, मग कडक, मग आणखी कडक, मग अजिबात पाणी नसलेलं शुद्ध. एकदम कडकात टाकला तर पाणी भसकन बाहेर पडतं आणि तुकडा आक्रसतो, म्हणून कलाकलाने. पाणी सगळं निघालं की झायलीन. झायलीन अल्कोहोलला बाहेर काढतं आणि मेणाला वाट करून देतं. शेवटी मेण. त्या मेणाच्या वडीत अल्कोहोलचा थेंबही उरत नाही. पाणी थोडंसं जरी मागे राहिलं तर झायलीन दुधासारखं पांढरं होतं. बरणी पांढरी झाली की मामांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा आणि शिकाऊ मुली मोरीशी जाऊन उगाच स्वच्छ काचा पुन्हा धुवायच्या.

हे झालं कामाचं. घरचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

घर दोन मजली. वर थोरला भाऊ आणि वहिनी, खाली मामा एकटे. मामांचं लग्न राहूनच गेलं. का राहिलं याला काही कारण नाही, राहून जातं तसं राहिलं. दादा लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, आता घरीच बसून असतो, खिडकीपाशी. दोघा भावांची बोलाचाली बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की गल्लीतल्या नव्या बिऱ्हाडांना ते सख्खे भाऊ आहेत हे सांगावं लागायचं.

कारण असं घडलं. वडिलांच्या पोटातला तुकडा मामांच्या हाताखालून गेला होता. रंग नीट चढलाय का हे बघायला मामांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांना कळलं, कर्करोग आहे. इतकी वर्षं काचा बघून डोळ्यांना एवढं कळतंच. पण तेव्हाचे डॉक्टर रजेवर होते, अहवालावर सही नव्हती, आणि खोलीचा नियम असा की सही होईपर्यंत ब्र काढायचा नाही. त्याच संध्याकाळी दादाने विचारलं, लांबची फेरी आलीय, जाऊ का रे? मामा म्हणाले, जा. दादा गेला. तो वाटेत असताना वडिलांना रक्ताची उलटी झाली आणि सगळं संपलं. दादा परतला तो थेट राख झालेल्या बापाच्या घरात. त्याने एवढंच विचारलं, तुला माहीत होतं का? मामा खोटं बोलले नाहीत. त्यानंतर दादा त्यांच्याशी बोलला नाही.

मामांना नियमाचा राग आला नाही. नियम बरोबरच होता. त्यांना स्वतःच्या त्या 'जा'चा राग आला आणि तो कधी गेला नाही.

वहिनी मधल्या मध्ये सापडल्या. दोघांचे निरोप त्याच न्यायच्या, त्याच आणायच्या. खालच्यांना सांग, नळ गळतोय. वरच्यांना सांगा, प्लंबर उद्या येतोय. कधी कधी तिघं एकाच खोलीत असायचे तरी कारभार हाच. दादा वहिनींकडे बघून म्हणायचा, त्याला म्हणावं छत्री घेऊन जा. वहिनी मामांकडे वळून म्हणायच्या, हे म्हणतात छत्री घेऊन जा. मामा म्हणायचे, ऐकलं मी. वहिनी म्हणायच्या, ऐकलंत तरी मी सांगणार, ही नोकरी आहे माझी, बिनसुट्टीची. मामांचं दोन्ही वेळचं ताट त्याच खाली आणायच्या, आणि ताट संपेपर्यंत पायरीवर बसून दिवसभराच्या कुचाळक्या सांगायच्या. मामा इस्पितळात न हसणारा माणूस. इथे मात्र हसायचे, घास घशात अडकेपर्यंत.

एकदा मामांना गंमत सुचली. म्हणाले, वहिनी, तुम्ही म्हणजे आमचं अल्कोहोल. वहिनी भडकल्याच. दारू म्हणता का मला? मग मामांनी सगळं समजावून सांगितलं, पाणी, मेण, दोन्हीकडे जमणारं मधलं ते. वहिनींना पटलं. खूश झाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, बरं, आणि शेवटी त्या अल्कोहोलचं काय होतं? मामा बोलून गेले, निघून जातं, काही उरत नाही. बोलल्यावर त्यांनी जीभ चावली, पण वहिनी तोवर ताट घेऊन वर निघाल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात वहिनींची भूक गेली. मग अंगावरचे कपडे ढगळ होऊ लागले. दादा म्हणायचा ऊन बाधलंय. मामांना ऊन वाटलं नाही. त्यांनी वहिनींमार्फतच दादाला निरोप धाडला की यांना इस्पितळात न्या, आणि वहिनींनी स्वतःबद्दलचा तो निरोप इमानेइतबारे पोचवला. तपासणीत यकृतात गाठ दिसली. सुई घालून तिचे दोन बारीक धागे काढले. सुई काढल्यावर रक्त थांबायला इतका वेळ लागला की सर्जननी सांगून टाकलं, पुन्हा सुई घालायची नाही, जे आलंय त्यावरच निदान करा.

सुई व्हायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी ताट घेऊन खाली आल्या. पायरीवर बसल्या, पण कुचाळकी काढली नाही. मामांचा घास हातातच राहिला.

"भाऊजी, तुमचं त्यांना आणि त्यांचं तुम्हाला, आजवर सगळं मी पोचवलं. हा निरोप नाही पोचवणार."

मामांनी विचारलं, कुठला?

"उद्याचा. तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळणार, माहीत आहे मला. मला सांगू नका. मी आधी ऐकलं तर ह्यांना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडेल. माझ्याने ते होणार नाही. तुम्ही वर या आणि तुमच्या तोंडाने त्यांना सांगा."

मामा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या ताट न घेताच वर गेल्या. मामा नुसते बसून राहिले. वहिनींची भीती वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती त्या जिन्याची वाटत होती, आणि असं वाटतंय याची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी धागे खाली आले. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवरचं आडनाव बघून मामांना वर बोलावलं. म्हणाल्या, हे तुम्ही करू नका, सकाळच्या पाळीतली मुलगी करेल. मामा ऐकायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं असं की हे परत मिळायचं नाही, आणि दुसऱ्याच्या हातात देऊन मी घरी काय करू, छताकडे बघत बसू? डॉक्टरबाईंनी मान डोलावली. नाही म्हणायला हवं होतं असं त्या नंतर म्हणाल्या.

मामांनी धागे कागदाच्या पुडीत घातले, पुडी जाळीच्या डबीत, आणि डबी पहिल्या बरणीत. वेळ झाली की दुसरीत. हात सवयीने चालत होते आणि डोकं जिन्यावर होतं. दार दादा उघडेल. मग काय म्हणायचं? दादा, असं म्हणायचं की नुसतं सुरू करायचं? बसायचं की उभं राहूनच बोलायचं? इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे बोलायचं का? त्यांनी मनात पाच-सहा वाक्यं जुळवली आणि मोडली. तिसऱ्या बरणीतून डबी काढली, निथळू दिली आणि पुढच्या बरणीत सोडली.

बरणी पांढरी झाली.

मामा बघतच राहिले. शुद्ध अल्कोहोलच्या दोन्ही बरण्या तशाच झाकलेल्या होत्या. त्या ओलांडून डबी सरळ झायलीनमध्ये गेली होती. ही चूक शिकाऊ मुलीसुद्धा पहिल्या आठवड्यानंतर करत नाहीत. तुकड्यात अजून पाणी होतं, आणि झायलीनकडे पाण्याला धरायला काही नव्हतं, म्हणून ते पाणी बारीक बारीक थेंबांनी बाहेर येऊन सगळं गढूळ करत होतं. मामांनी चिमटा खाली ठेवला. ते स्टुलावर बसले. पांढऱ्या बरणीत वहिनी आहेत एवढंच त्यांना दिसत होतं.

मग त्यांनी जे करायचं ते केलं. यात कसली हुशारी नाही, पुस्तकात लिहिलेलं आहे. डबी बाहेर काढली आणि मागे नेली, नव्या भरलेल्या शुद्ध अल्कोहोलमध्ये. झायलीन त्यात विरघळून जातं आणि राहिलेलं पाणीही ते ओढून घेतं. पुन्हा दुसरं शुद्ध. मग नवीन झायलीन. फक्त वेळ द्यायचा, घाई करायची नाही. तेवढ्या वेळात त्यांनी वर जाऊन डॉक्टरबाईंना काय झालं ते सांगितलं, आणि आज होणार नाही, उद्या होईल, असंही सांगितलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, हे मुलींपैकी कुणी केलं असतं तर? मामा म्हणाले, सोलून काढली असती. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग स्वतःला सोला आणि खाली जा, ते धागे एकटे आहेत. मामांना रडू आलं ते जिन्यात, वर नाही.

नव्या बरणीतलं झायलीन स्वच्छ राहिलं. मामांनी ती बरणी खिडकीशी धरली, फिरवून फिरवून पाहिली. पलीकडची वीट न् वीट दिसत होती. त्या रात्रीचं ताट त्यांनी डोकं दुखतंय असं सांगून परत पाठवलं, आणि वहिनींनीही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वडी झाली, काप आले, न फाटता सरळ फितीसारखे. रंग चढला. मामांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. न पाहता वर पाठवता आली असती. पण रंग तपासणं त्यांचंच काम होतं, आणि ते काम टाळून दादापुढे उभं राहता आलं नसतं. त्यांनी पाहिलं. एकदा पाहून पुरलं. काप इतका सुरेख आला होता की शंकेला कुठे जागाच नव्हती. आयुष्यात काढलेल्या सगळ्यात चांगल्या कापांपैकी तो एक होता, आणि तो मामांना फोडून टाकावासा वाटला.

ते स्वतः काच घेऊन वर गेले. डॉक्टरबाईंनी बराच वेळ पाहिलं. कर्करोगाची गाठ मुळात यकृताची नव्हती, दुसरीकडून पसरत तिथे पोचलेली होती. त्यांनी सही केली आणि मग चष्मा काढला. त्या म्हणाल्या, उद्या दोघांना बोलावते, मीच सांगते. मामा म्हणाले, दादाला आज मी सांगू का? वहिनींनी मागून घेतलंय माझ्याकडून. डॉक्टरबाईंनी चष्मा परत चढवला.

"सांगा. किती दिवस, काय उपचार, त्यातलं काही बोलू नका. ते माझ्यावर सोडा. आणि मामा, सही झालेली आहे. आता तुमच्यावर कसलं बंधन नाही."

संध्याकाळी अजून उजेड होता. मामा खाली आपल्या दाराशी न थांबता सरळ जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. दादाने वळून पाहिलं, मामांना पाहिलं, आणि सवयीने आत हाक मारायला तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने हाक मारली नाही.

जुळवलेली वाक्यं सगळी गळून पडली होती. मामा म्हणाले, "दादा, वहिनींचं चांगलं नाही आलं."

मामांना वाटलं, आता दादा उठून आत जाईल, किंवा मला जिन्यावरून ढकलून देईल, आणि दोन्ही त्यांना चाललं असतं. दादाने खिडकीची कडा धरली. मग त्याने विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?"

"मी पाहिलं. डॉक्टरबाईंनी पाहिलं. सही झाली आणि लगेच आलो."

"लगेच?"

"सरळ तिथून."

दादाचा चेहरा वाकडातिकडा झाला. त्याने शेजारचा स्टूल पायाने पुढे ढकलला. मामा बसले. दादाने विचारलं दुखेल का तिला, मामा म्हणाले मला माहीत नाही, ते डॉक्टरबाई सांगतील. दादाने विचारलं उद्या किती वाजता जायचं, मामांनी सांगितलं. दादा म्हणाला रिक्षा नको, हादरे बसतात, मामा म्हणाले इस्पितळाची गाडी मागवतो. हळू आवाजात बोलत होते दोघं. बोलता बोलता दोघांनाही कळलं नाही की आतला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला आहे.

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात ओलं फडकं. त्या आधी दादाकडे बघत राहिल्या, मग मामांकडे, मग परत दादाकडे. दादा उठायला गेला तर त्यांनी हातानेच बस म्हटलं.

"चांगलं असतं तर भाऊजींनी जिन्यातूनच ओरडून मला सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.

मामांनी मान खाली घातली. त्यांच्याने वहिनींकडे बघवेना.

वहिनींनी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. "थांबलात का?" त्या म्हणाल्या. "बोला ना. मला ऐकू द्या जरा."